भीती उरलेला माणूस

उद्घाटनाच्या सकाळी भोंग्याची चाचणी झाली, तेव्हा मांडवात बसलेल्या दीडशे माणसांपैकी एकच माणूस उठून पळाला.

तो तन्मय खेराडे. 'निर्झर' मानसोपचार रुग्णालयातला ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक. वय एकोणतीस, आणि स्वभावाने इतका अबोल की रुग्णांच्या नोंदवहीत तो जेवढे लिही तेवढेही दिवसभरात बोलत नसे. खुर्च्यांची एक रांग आडवी करून, तहसीलदारांच्या बुटावर पाय देऊन तो खालच्या फाटकापर्यंत पोचला आणि फाटकाचे गज धरून उभा राहिला. भोंगा थांबला. मग त्याला पाठीमागची शांतता ऐकू आली. कोणी ओरडले नव्हते, कोणी जागचे हलले नव्हते. तापात बरळणाऱ्या मुलाकडे घरातली माणसे पाहतात, तसे सारे चेहरे मायेने त्याच्याकडे पाहत होते.

"ये रे बाळा, चाचणी होती ती," शैलासिस्टर म्हणाल्या. त्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका. "आणि येता येता त्या खुर्च्या उचल. साहेबांचा बूट पुसून दे हवं तर."

मांडवात हसू पसरले. तहसीलदारांनी भाषणात तिवरखिंडच्या लोकांच्या धीराचे कौतुक केले. चौदाच महिन्यांपूर्वी ज्यांच्या अंगावर डोंगर कोसळला, ती माणसे भोंगा ऐकून पापणीही हलवत नाहीत, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. फक्त तो धीर नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी, सकाळच्या नाश्त्याच्या वेळी, रुग्णालयामागची दरड स्वयंपाकघरावर आणि स्त्रियांच्या वॉर्डवर उतरली. एकोणीस माणसे गेली. स्वयंपाकघराच्या छपरावर बसवलेला धोक्याचा भोंगा वाजत वाजतच चिखलाखाली गेला आणि बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे दीड दिवस, जमिनीच्या पोटातून वाजत राहिला. खणणाऱ्यांनी तो ऐकला, गावाने ऐकला. सर्वांत जवळून ऐकला तो पूर्वाने, तन्मयच्या बायकोने. ती तिथे स्वयंपाकघर सांभाळत असे. दगडी ओट्याखालच्या पोकळीतून तिला बाहेर काढायला नऊ तास लागले.

त्यानंतर तिवरखिंडीत कोणी झोपेना. कुकरची शिट्टी झाली की बायका पोरांना घेऊन अंगणात येत. दुधाच्या टेम्पोने हॉर्न दिला आणि एका धडधाकट माणसाने ओढ्यात उडी टाकली. भूगर्भतज्ज्ञांनी उरलेला उतार स्थिर असल्याचे सांगितले, इमारत पुन्हा बांधून झाली, पण तिच्यात पाऊल टाकायला कोणी तयार होईना. तेव्हा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. सुलक्षणा रिसबूड यांनी ते यंत्र आणले.

आठवण म्हणजे दगडावरचा लेख, असे आपण समजतो. तसे नाही. आठवण मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांत राहते, आणि आपण ती जागी केली की त्या जोडण्या काही तासांपुरत्या ओल्या मातीसारख्या सैल होतात. मग मेंदू नवी प्रथिने घडवून त्यांना पुन्हा पक्के करतो. म्हणजे जितक्या वेळा आपण एखादी गोष्ट आठवतो, तितक्या वेळा ती नव्याने लिहिली जाते. तिच्यात भीतीचा रंग भरण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा एक भाग करतो. यंत्रातून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटी पार करून नेमक्या त्या बदामावर एकवटत आणि त्याला पाऊण तास निजवून ठेवत. त्याच्या आधी आठवण जागी करून ठेवली असेल, तर ती पुन्हा पक्की होताना बिनरंगाची होई. घडलेले सारे आठवे. छातीत मात्र काही होत नसे.

आठवण जागी करायला एखादी खूण लागते. प्रत्येकाची खूण वेगळी असते. कोणाला ओल्या मातीचा वास, कोणाला पोह्यांची वाफ. ती एकेकाची शोधत बसले असते तर वर्षे गेली असती, आणि रांगेत तर पाचशे माणसे होती. एक खूण मात्र सर्वांची सारखी होती. डॉ. रिसबूडांनी भोंग्याचे ध्वनिमुद्रण मिळवले आणि तेच सगळ्यांना ऐकवले. यंत्राखाली पहिल्या त्या स्वतः बसल्या.

त्याच महिन्यात डोंगराची हालचाल टिपणारी नवी उपकरणे उतारावर बसली. अभियंत्यांनी भोंग्याचा आवाज मुद्दाम जुनाच ठेवला, कारण लोकांच्या कानाला तो ओळखीचा होता. दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते. ते दोन वेगवेगळ्या बैठकांत झाले.

*

"बस. पाणी घे," डॉ. रिसबूड म्हणाल्या. खाली मांडव उतरवण्याचे आवाज येत होते. "उपचाराची तारीख किती वेळा पुढे ढकललीस?"

"चार वेळा, मॅडम."

"पाच. एकदा ताप आलाय म्हणालास आणि मी विश्वास ठेवला."

तन्मयने पाणी न पिताच ग्लास टेबलावर ठेवला.

"उद्या रुग्ण परत येतायत. बेचाळीस. त्यांना हा उपचार देता येत नाही. ज्या मेंदूत भास होतात, तिथली आठवण उकलण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही. त्यांची भीती आहे तशी आहे. आणि भीती लागते तन्मय, खोकल्यासारखी. वॉर्डात एक घाबरलेला ब्रदर म्हणजे बेचाळीस घाबरलेले रुग्ण."

"हो, मॅडम."

"बुधवारी सकाळी दहा वाजता. नाहीतर मला तुला भांडारात चादरी मोजायला बसवावं लागेल. मला ते आवडणार नाही. वॉर्डात तुझ्याइतका हळुवार हात दुसऱ्या कोणाचा नाही."

त्या खरेच बोलत होत्या. आपण कशाला भितो, हे त्याला नीट सांगता आले असते तर त्याने सांगितले असते: डोंगराला भितो, भोंग्याला भितो, आणि भीती गेल्यावर तिच्याबरोबर आणखी काय जाईल, याला सर्वांत जास्त भितो.

कारण त्याने पूर्वाला पाहिले होते. ढिगाऱ्यातून काढल्यानंतरचे पाच महिने ती त्याचा हात धरल्याशिवाय डोळे मिटत नसे. पत्र्यावर फांदी घासली तरी दोघे एकदमच उठून बसत आणि एकमेकांचे श्वास ऐकत सावकाश पुन्हा आडवी होत. ते जगणे वाईटच होते. पण त्या पाच महिन्यांत तन्मयला एकदाही एकटे वाटले नव्हते. मग तिने उपचार घेतला, आणि त्याच दिवशी ती कूस बदलून गाढ झोपली.

"दुखत नाही रे," उद्घाटनाच्या संध्याकाळी ती परातीत पीठ मळत म्हणाली. "डोक्याला थंडगार जेल लावतात, बस. नंतर तो यंत्रावरचा जुनैद त्याच्या आवडीची गाणी ऐकवतो, तेवढाच काय तो त्रास."

"तुला ते नऊ तास आठवतात?"

"सगळे. ओट्याखाली कुठला डबा कुठे होता तेसुद्धा. हळदीचा कानाशी, साबुदाण्याचा पायाशी."

"आणि आठवलं की काय वाटतं?"

तिचे हात क्षणभर थांबले. प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे, ही तिची जुनी सवय कोणत्याही यंत्राने नेली नव्हती. "एसटी चुकल्यावर स्टँडवर बसून राहतो ना, तसं."

त्याने तवा गॅसवर ठेवला.

"घे ना तू पण," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला वाईट वाटतं. म्हणजे, वाईट वाटायला हवं, एवढं कळतं."

*

बुधवार उजाडला तेव्हा भाद्रपदातली झड लागून नऊ दिवस झाले होते. तंत्रज्ञ जुनैद मुजावर यंत्राचा टोप तन्मयच्या डोक्यावर बसवत होता.

"हलू नका दादा. हललात तर भीती राहील आणि लग्नाची आठवण जाईल. मग वहिनी माझा डबा बंद करतील."

"किती वेळ लागेल?"

"आधी दहा मिनिटं भोंगा ऐकायचा. आठवण जागी झाली की मी तो बंद करणार आणि लहरी सुरू करणार. पाऊण तास. डोळे मिटा."

भोंगा सुरू झाला. आपल्याला तो कितपत सहन होईल याचा तन्मयने पुष्कळ अंदाज बांधला होता, पण शरीर कोणाचे अंदाज ऐकत नाही. क्षणात तो पुन्हा चिखलात उभा राहिला. हातात पहार, पायाखालून येणारा तो आवाज, आणि त्या आवाजाच्या शेजारी कुठेतरी ती. गालांवरून पाणी वाहत होते. त्याला ते पुसता येत नव्हते.

"पुरे," तो म्हणाला. "बंद कर."

"केला की दादा. केव्हाच."

तन्मयने डोळे उघडले. जुनैदचा हात यंत्राच्या बटणापासून दूर होता. आवाज येतच होता.

"मग हे काय वाजतंय?"

जुनैदने मान कलती करून ऐकले, खिडकीपाशी जाऊन बाहेर डोकावला. "अरे हो. खरा वाजतोय." मग परत येऊन तो स्टुलावर बसला. "हरकत नाही. एवढी आठवण जागी झालीये, ती वाया नको जायला. उरकून घेऊ."

तन्मय त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, मूर्खपणा नव्हता. अर्धवट राहिलेल्या कामाबद्दलची साधी, सज्जन काळजी होती.

"जुनैद, भोंगा वाजला की काय करायचं?"

"खाली शाळेच्या मैदानावर जमायचं."

"किती वेळात?"

"बारा मिनिटांत."

"मग?"

"जाऊ की," जुनैद म्हणाला, आणि बसून राहिला.

तेव्हा तन्मयला सगळे एकदम कळले. माहिती सगळ्यांना होती. त्या माहितीला पाय देणारे जे काही असते, तेच कोणात उरले नव्हते. सबंध इमारतीत भ्यालेला असा एकटा तोच होता.

त्याने टोप ओढून काढला, जुनैदला दंडाला धरून उठवले आणि जिन्याकडे ढकलले. "मैदानावर जा. वाटेत जो भेटेल त्याला हाताला धरून ने. बोलत बसू नको."

"एवढं काय झालं दादा," जुनैद म्हणाला, पण ढकलल्यावर चालू लागला.

एकटा तोच भ्यालेला नव्हता, हे त्याला वॉर्डच्या दारात समजले. आत बेचाळीस माणसे भीत होती. कोणी दारावर डोके आपटत होते, कोणी खाटेखाली शिरले होते, एक जण 'आला, आला' एवढेच म्हणत गोल फिरत होता. आणि मधोमध शैलासिस्टर, हातात ट्रे घेऊन, एकामागून एक इंजेक्शने भरत होत्या.

"बरं झालं आलास," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं एकदमच बिघडलंय. ह्याचा हात धर, ह्याला आधी देते."

"सिस्टर, नका देऊ. झोपलेली माणसं उचलायची कोणी? हे आजारी नाहीत. म्हणजे आहेत, पण आत्ता नाहीत. भोंगा वाजतोय."

"ऐकू येतंय मला. बहिरी नाही झाले अजून. चौदा डोस द्यायचेत, ते झाले की निघू."

"डोंगर चौदा डोस थांबणार नाही."

"तू आधी शांत हो बघू. किती घाम आलाय तुला."

त्यांना पटवणे शक्य नव्हते, कारण त्या वाद घालतच नव्हत्या. पटलेल्या माणसाला काय पटवणार? तन्मयची नजर त्यांच्या मनगटावरल्या घड्याळावर गेली. त्याने आपला हात पुढे केला.

"माझी नाडी बघा."

एकतीस वर्षांची सवय. पुढे आलेले मनगट शैलासिस्टरांनी कधी नाकारले नव्हते. ट्रे खाटेवर ठेवून त्यांनी तीन बोटे टेकवली, घड्याळाकडे पाहिले, ओठ हलवत पंधरा सेकंद ठोके मोजले आणि मनात चौपट केले.

"एकशे छप्पन," त्या म्हणाल्या. मग शेजारी थरथरणाऱ्या रुग्णाचे मनगट धरले. "एकशे अठ्ठेचाळीस." तिसरे धरले नाही. भीती म्हणजे काय ते त्या विसरल्या होत्या, पण नाडी खोटे बोलत नाही हे विसरल्या नव्हत्या.

"ट्रे राहू दे," त्या म्हणाल्या. "दोन्ही दारं उघड. जोड्या लाव."

आणि त्यानंतर जे झाले, ते तन्मयला पुढे कित्येक दिवस समजून घ्यावे लागले. एकदा निघायचे ठरल्यावर त्या निर्भय माणसांनी जे काम केले, ते कोणा भ्यालेल्या माणसाला जमले नसते. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. शैलासिस्टरांनी खाटेखालच्यांना नावाने हाका मारून बाहेर काढले, दारावर डोके आपटणाऱ्याच्या कपाळाला जाता जाता पट्टी लावली, आणि वॉर्ड रिकामा झाला. दारात उभा राहून तन्मयने डोकी मोजली. एकेचाळीस.

"गुरुजी कुठायत?"

बाबर गुरुजी, निवृत्त शिक्षक. घाबरले की ते मागच्या बाजूला, चादरींच्या खोलीत जाऊन बसत. ती खोली डोंगराला लागून होती.

तन्मय मागच्या बोळाच्या तोंडापर्यंत पळाला आणि थांबला. थांबायचे त्याने ठरवले नव्हते. बोळाच्या टोकाची भिंत घामेजली होती. तिच्यातून तांबडे पाणी झिरपत होते, आणि भिंतीपलीकडे दगड दगडावर घासल्याचा तो आवाज येत होता, जो त्याने एकदा ऐकला होता. एकेचाळीस माणसांना बाहेर काढणाऱ्या भीतीने त्याचेच पाय धरून ठेवले.

स्वयंपाकघरातून पूर्वा पदराला हात पुसत आली. "तू इथे? गॅस बंद करून निघतच होते. कोण राहिलंय?"

"गुरुजी. चादरींच्या खोलीत."

"मग?"

"मला जाता येत नाहीये, पूर्वा."

तिने त्याच्याकडे पाहिले. तिरस्कार नव्हता, दयाही नव्हती. "बरं," ती म्हणाली आणि बोळात शिरली.

ती चालत गेली. दुपारचा चहा द्यायला जावे तशी. "पळ," तो ओरडला. त्याचा आवाज बोळातून तिच्यामागे गेला आणि तिला न लागता परत आला. मग आतले बोलणे ऐकू आले.

"गुरुजी, चला."

"डोंगर येतोय गं पोरी."

"हो, येतोय. चप्पल घाला. ओलं आहे, पाय घसरेल."

तन्मयने आयुष्यात ऐकलेले ते सर्वांत भयंकर बोलणे होते. भिंतीवर एक बारीक, काळी रेघ उमटली आणि तो पाहत असताना छतापर्यंत गेली. दोघे खोलीच्या दारात दिसले. पूर्वाने म्हाताऱ्याचा हात धरला होता आणि ती त्याच्या चालीने, सावकाश, त्याचे पाऊल सांभाळत येत होती. तिच्या पाठीमागे भिंत फुगली.

गुरुजींनी मागे वळून पाहिले. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस, गुडघ्याच्या दुखण्याने जिना चढताना दर पायरीवर थांबणारा, तोंडातून आवाजही न काढता धावत सुटला. पूर्वाचा हात त्याच्या मुठीत होता. त्याने तिला अक्षरशः फरफटत आणले. तिची एक चप्पल बोळातच राहिली. तन्मयने दोघांना धरले, फाटकाकडे ओढले, आणि मागे वळून पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. तो आवाज त्याला पाठ होता.

*

इमारत दरडीखाली गेली, पण एकही माणूस दगावला नाही. त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर डॉ. रिसबूड तन्मयशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या साडीला चिखल लागला होता.

"मी केबिनमध्ये फाईल वाचत होते," त्या म्हणाल्या. "भोंगा ऐकला. पान संपवलं. मग दुसरं घेतलं. शैलाने येऊन हाताला धरलं नसतं, तर तिसरंही घेतलं असतं."

तन्मय बोटांवरचा वाळलेला चिखल खरवडत होता.

"आम्ही आठवण शांत करायला निघालो होतो. शांत झाला तो भोंगा. पाचशे माणसांचा."

"परत आणता येईल, मॅडम?"

"नाही. बिनरंगाची पक्की झालेली आठवण पुन्हा रंगवता येत नाही. प्रयत्न केला तर ते नाटक होईल." त्यांनी पटांगणाकडे पाहिले. तिथे शैलासिस्टर रुग्णांना रात्रीच्या गोळ्या देत होत्या, वेळेवर. "रुग्णालय इथेच सुरू करू, शाळेच्या वर्गांत. पण तुझं काय करायचं? तुझी अवस्था मला दिसतेय. शास्त्र चुकलं नव्हतं, खूण चुकली होती. तुझ्यासाठी वेगळी खूण शोधून मी ते नीट करू शकते. या वेळी नीट. तू मागितलंस तर मी नाही म्हणणार नाही."

हे खरे होते, आणि म्हणून मोहाचे होते. त्या आठवड्यात तन्मयला सुईत औषध भरता येईना. जेवताना घास हातातून पडे. दिवसाउजेडी, उघड्या मैदानात, जमीन आपल्याखालून सरकते आहे असे वाटून तो खाली बसे.

"घे तू ते," पूर्वा म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नको."

"तुझ्यासाठी थांबलोय असं कुठे म्हणालो?"

"तू कधी काही म्हणतोस का? मीच समजून घ्यायचं असतं."

रविवारी दोघे नदीपलीकडे भाड्याची घरे पाहायला गेले. पहिले घर छान होते. पाण्याची सोय, पुढे पेरूचे झाड. घरमालक कौतुकाने एकेक गोष्ट दाखवत होता. पूर्वाला सगळे पसंत होते. मग तन्मयच्या लक्षात आले की ती घराकडे बघतच नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"इथे?" तिने विचारले.

घरामागे टेकडी होती. फार उंच नव्हती.

"नाही."

तिने कारण विचारले नाही. दुसऱ्या घराखालून ओढा जात होता. "इथे?" "नाही." तिसरे घर कड्याच्या पोटात होते, तिथे तर ती ओसरीवरही चढली नाही, त्याचा चेहरा पाहून परत फिरली. घरमालक मागून म्हणाला, "अहो, आत येऊन बघा तरी. साहेबांना काय आवडेना?" त्यावर पूर्वा म्हणाली, "त्यांना कळतं ते मला कळत नाही, काका." ती हे इतक्या सहज म्हणाली की तन्मय रस्त्यातच थांबला.

त्याने खिशातून फोन काढला आणि डॉ. रिसबूडांना नको म्हणून कळवले. कारण लिहिले नाही. लिहायला त्याला आयुष्य पडले होते, आणि ते आयुष्य कसे असणार हे त्याला त्या रस्त्यावर स्वच्छ दिसत होते: प्रत्येक पावसाळ्यात, प्रत्येक आवाजाला, दोन माणसांची भीती एकट्याने भ्यायची.

चौथे घर माळावर होते. मागे काही नव्हते, पुढे काही नव्हते. लांबवर डोंगरांची रांग, पाटीवर पुसत आलेल्या रेघेएवढी.

"इथे?"

त्याने चारी दिशांना पाहून घेतले. "इथे भीती कमी आहे."

"पण आहे?"

"आहे. तिला घेऊन राहता येईल इतकी."

पूर्वाने चपला काढल्या आणि ती आत गेली. घर पुष्कळ दिवस बंद होते. तिने खिडक्या उघडायला घेतल्या. एक उघडली की ती बाजूला होई आणि तन्मय येऊन बाहेर पाहून मान हलवेपर्यंत थांबे. मग दुसरी. मग तिसरी.

शेवटच्या खिडकीपाशी त्याला फार वेळ लागला. ती थांबली.